दम लागला तेव्हा

आज लिफ्ट बंद. सात मजले चढून दाराशी पोचले तेव्हा बोलायलाही दम उरला नव्हता. पायरीवरच बसले. हवा आत, हवा बाहेर, बस्स! हवेत प्राणवायू जेमतेम २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन; पण तेवढ्यावरच तर जीव चाललाय.

बसल्या बसल्या बायबलमधलं उत्पत्ती २:७ हे वचन आठवलं. देवाने मातीचा माणूस घडवला, आणि मग त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला. त्याआधी सगळं तयार होतं, फक्त जीव नव्हता. हिब्रूतला 'रुआख' हा एकच शब्द वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींसाठी येतो. (मराठीतला 'प्राण'ही जवळपास तसाच की!)

जेवणाआधी अन्नासाठी आभार रोजच मानते. हवेसाठी आज पहिल्यांदाच मानले, तेही धापा टाकत.