आईची चप्पल

आईला मधुमेह होऊन १४ वर्षं झाली. गेल्या वर्षी पायाला मुंग्या यायला लागल्या. चप्पल निसटून मागे राहायची आणि ती तशीच चार पावलं पुढे जायची, कळायचंच नाही. ‘शुगरमुळे होतं’ म्हणत आम्ही वर्ष घालवलं, त्याचं फार वाईट वाटतं.

नव्या डॉक्टरांनी रक्तातलं व्हिटॅमिन बी-१२ तपासायला लावलं. १३२ निघालं, म्हणजे कमीच! बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतली की काहींच्या आतड्यात बी-१२ नीट शोषलं जात नाही. त्यात आई माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य. मधुमेहाने नसांना त्रास होतो, तसाच बी-१२ कमी पडल्यानेही होतो, म्हणून फसगत होते. मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल नक्की विचारा.

इंजेक्शनं सुरू झाली. परवा सकाळी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, “फरशी गार लागतेय गं.”