तीन कार्डं आणि एक जुना बोर्ड

मशीन टेबलावर उघडलं तेव्हा आत होतं ते असं: रायझन ५ ३६०० हा सीपीयू (मुख्य प्रोसेसर), बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, जुनं जीटीएक्स १६५० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि नाव न ऐकलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्‌झचा. सांगलीहून काका आणि त्यांचा मुलगा कॅबिनेट उचलून थेट मुंबईत लॅमिंग्टन रोडला माझ्या दुकानात आले होते. मुलाकडे मोबाइलमध्ये नव्या कार्डांच्या वेगाच्या चार्टचे स्क्रीनशॉट होते आणि त्याचं मत ठरलेलं होतं. काकांचा प्रश्न एकच: "मी एकदाच पैसे टाकणार. तीन-चार वर्षं परत विचारायचं नाही, असं कार्ड कुठलं?"

निवड तीन कार्डांत होती. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०, एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी आणि इंटेलचं आर्क बी५८०. बाजारात आली तेव्हा अमेरिकेतला जाहीर भाव अनुक्रमे २९९, ३४९ आणि २४९ डॉलर; आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वितरकाचा त्या आठवड्याचा मूड. मुलाच्या चार्टमध्ये दर फ्रेममागे (सेकंदाला दिसणाऱ्या दर चित्रामागे) सगळ्यात स्वस्त पडत होतं बी५८०. चार्ट खोटा नव्हता. पण असे चार्ट बाजारातला सगळ्यात वेगवान सीपीयू लावून काढतात. कार्डाचा कस लागावा, सीपीयू मध्ये येऊ नये, म्हणून तसं करणं बरोबरच आहे. फक्त ते सांगलीच्या या मशीनबद्दल काही सांगत नाही. तिन्ही कार्डं दुकानात डेमोला उघडी होती. म्हटलं, यातच लावून बघू.

आधी बोर्डाचं गणित. बी४५० वरचा ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा (हा कार्ड आणि सीपीयूमधला डेटाचा रस्ता; आकडा पिढीचा, जितका मोठा तितका वेग जास्त). सीपीयू बदलला तरी तो ३.० च राहतो. ५०६० चं कनेक्टर दिसायला सोळा लेनचं, पण आत जोडलेल्या लेन, म्हणजे डेटाच्या मार्गिका, आठच. कार्ड ५.० चं असल्यामुळे नव्या बोर्डावर आठ लेनमध्येही सेकंदाला सुमारे ३१ जीबी डेटा जातो. या बोर्डावर तेच कार्ड ८ जीबीच्या आत येतं. बी५८० ही आठच लेनचं. ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत, त्यामुळे इथेही त्याला १६ जीबीच्या आसपास मिळतात. हे जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'बस इंटरफेस'च्या रकान्यात दिसतं. पण कार्ड निवांत असताना तिथे '१.१' दिसतं, आणि लोक घाबरून बोर्ड खराब आहे म्हणत परत येतात. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवली, की खरा आकडा वर येतो.

याचा खेळाशी संबंध काय, तर कार्डाची मेमरी पुरते तोवर जवळपास काहीच नाही. ५०६० वर ८ जीबी आहे. टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) अल्ट्रा, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब) चालू आणि वर फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डानेच बनवणं), असं केलं की आजचे मोठे गेम १०८०पीलासुद्धा ८ जीबी ओलांडतात. फ्रेम जनरेशन स्वतःच मेमरी खातं, हे तर बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. मेमरी भरली की उरलेला माल सिस्टिमच्या रॅममध्ये जातो आणि प्रत्येक वेळी स्लॉटमधून ये-जा करतो. कार्डाची स्वतःची जीडीडीआर७ मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचते, आणि आता मधली वाट ८ जीबीची. त्यात या मशीनमध्ये रॅम एकाच चॅनलवर आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग लावणारं सेटिंग) बंद, म्हणजे ३२०० ची स्टिक २४०० वर चाललेली. तिचा सगळा वेग १९.२ जीबी, त्यातही सीपीयूचा वाटा आधीच गेलेला.

म्हणून कार्डाला हात लावण्याआधी रॅमचं काम केलं. त्याच कंपनीची, त्याच वेगाची दुसरी स्टिक, सीपीयूकडून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मग एक्सएमपी चालू. वेगळ्या बॅचच्या दोन स्टिक ३२०० वर नेहमी जुळतातच असं नाही, त्यामुळे मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक फेरी चुकवायची नाही. आता बँडविड्थ ५१.२ जीबी. जुनं १६५० सुपर तसंच ठेवून व्हॅलोरंट हा गेम लावला, तर मुलगा ज्याला 'कार्डाचे झटके' म्हणत होता त्यातले निम्मेअधिक गेले. काका लगेच म्हणाले, "मग कार्ड कशाला?" प्रश्न चुकीचा नव्हता. तो फक्त व्हॅलोरंट खेळत असता, तर मीही एवढ्यावरच बिल केलं असतं.

मग बी५८०, कारण त्यालाच सगळ्यात जास्त तयारी लागते. रिसायझेबल बार (सीपीयूला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसू देणारं सेटिंग) चालू नसेल तर हे कार्ड घेऊच नये. वेग इतका पडतो की तुलनेला अर्थ उरत नाही. जुन्या बी४५० वर त्यासाठी बायोस अपडेट लागतं. ते करताना मशीन यूपीएसवर हवं, आणि विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर आधी स्थगित करायचा. नाहीतर एफटीपीएम (सीपीयूमधली त्या कुलपाच्या किल्लीची तिजोरी) रीसेट झाल्यावर रिकव्हरी की मागतं आणि ती कुणाकडेच नसते. अपडेटनंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद, 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू, 'री-साइझ बार' चालू.

सीएसएम बंद केलं आणि विंडोज सुरूच होईना. याला मी तयार होतो. गावाकडून येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये हे हमखास निघतं: डिस्कची आखणी जुन्या एमबीआर पद्धतीने केलेली असते आणि यूईएफआयला, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसला, नवी जीपीटी लागते. फॉरमॅट मारायची गरज नाही. सीएसएम परत चालू करून विंडोजमध्ये जायचं, महत्त्वाचा डेटा बाहेर काढायचा आणि विंडोजचीच 'एमबीआर टू जीपीटी' ही कमांड, आधी व्हॅलिडेट आणि मग कन्व्हर्ट, अशी चालवायची. डिस्कवर प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ती नकार देते. मग एक मोकळं करावं लागतं. ते झालं की सीएसएम बंद. जाता जाता सिक्युअर बूटही (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) चालू करून टाकलं, कारण पुढे विंडोज ११ टाकलं तर व्हॅलोरंट त्याच्याशिवाय चालत नाही.

कार्डाची कंपनी बदलताना दर वेळी इंटरनेटची वायर काढायची, सेफ मोडमध्ये डीडीयू या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर साफ करायचा, मशीन बंद, कार्ड बदल, नवा ड्रायव्हर, आणि मगच वायर. नेट चालू राहिलं तर विंडोज मधल्या मध्ये स्वतःचा जुना ड्रायव्हर घुसवतं. मोजणी कॅपफ्रेमएक्स या फ्रेम मोजणाऱ्या प्रोग्रामने: गेममधली तीच जागा, तोच रस्ता, साठ सेकंद. पहिली फेरी टाकून द्यायची, कारण शेडर (चित्र रंगवायला कार्डाला लागणारे छोटे प्रोग्राम) त्या वेळी तयार होत असतात.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तिघांतला फरक सांगण्यासारखा नव्हता, फक्त बी५८० मागे राहिलं. तिथे अडत होता सीपीयू. कार्डाचा वापर निम्म्यावरही जात नव्हता. इंटेलच्या ड्रायव्हरचं स्वतःचं काम सीपीयूवर जास्त पडतं, ही गोष्ट २०२५ च्या जानेवारीतच जुन्या रायझनवरच्या चाचण्यांतून पुढे आली होती. नव्या वेगवान सीपीयूवर तो भार फारसा दिसत नाही, ३६०० वर दिसतो. चार्टमधलं सगळ्यात स्वस्त कार्ड या मशीनमध्ये स्वस्त राहिलं नाही, ते यामुळे. त्याची १२ जीबी मेमरी खरी कामाची आहे आणि बारावी पिढी किंवा त्यापुढचा आय५ असेल तर मी ते आजही सुचवतो.

सायबरपंक २०७७ मध्ये गोष्ट उघड झाली. रे ट्रेसिंगशिवाय, टेक्स्चर हाय ठेवून ५०६० आणि ९०६० एक्सटी खांद्याला खांदा. रे ट्रेसिंग आणि फ्रेम जनरेशन चालू केल्यावर ५०६० ची सरासरी अजूनही बरी दिसत होती, पण फ्रेमटाइमच्या रेघेला दात फुटले. १४४ हर्ट्‌झला एक फ्रेम सुमारे ७ मिलिसेकंदांची. इथे मध्येच एखादी ७०-८० ला जात होती. वळणावर गाडी फिरवली की चित्र क्षणभर थिजायचं. टास्क मॅनेजरमध्ये 'डेडिकेटेड' मेमरी छताला टेकलेली आणि 'शेअर्ड' वर चढत चाललेली. हाच तो माल, बाहेर सांडलेला. काही गेम झटके देत नाहीत, गुपचूप टेक्स्चर पुसट करतात. मग आकडे छान आणि भिंती धुतल्यासारख्या. चार्टमध्ये ते कधीच दिसत नाही.

म्हणून दर फ्रेममागचा भाव काढताना मी सरासरीने भागत नाही, एक टक्का लोने, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमच्या वेगाने, भागतो. समजा एक कार्ड ३०,००० चं, सरासरी १०० आणि लो ४०. दुसरं ३६,००० चं, सरासरी १०५ आणि लो ७५. सरासरीने पहिलं ३०० रुपयांना पडतं, दुसरं ३४३ ला. लोने तेच पहिलं ७५० ला आणि दुसरं ४८० ला. काकांना हे लगेच पटलं. मुलाला वेळ लागला.

एनव्हिडियाच्या बाजूचं जे खरं आहे तेही त्याला सांगितलं. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवण्याची त्यांची पद्धत) जास्त गेममध्ये आहे, आणि १०८०पीला त्याचं चित्र स्वच्छ येतं. एएमडीचं तसंच एफएसआर ४ आता तोडीचं झालंय, पण ते बनवलंय ९००० मालिकेसाठी आणि गेमनेही साथ द्यावी लागते. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये रेंडरिंग करायचं असेल तर एनव्हिडियाच्या ऑप्टिक्समुळे ५०६० सरळ पुढे. मुलाने ब्लेंडर उघडलेलंही नव्हतं. बोर्ड बी५५० असता आणि टेक्स्चर एक पायरी खाली चालणार असते, तर ५०६० ला नाही म्हणायचं कारण उरलं नसतं. मात्र बी५५० वरही रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी घातला तर स्लॉट ३.० वरच राहतो. ५६०० घातला तर ४.० मिळतो. नावं सारखी असल्याने यात पुष्कळ जण फसतात.

शेवटचा अडसर मशीनचा स्वतःचा पॉवर सप्लाय; चाचण्या दुकानातल्या सप्लायवर केल्या होत्या. स्टिकरवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट, पण १२ व्होल्टच्या रकान्यात २० ॲम्पिअर, म्हणजे २४० वॅट. ९०६० एक्सटीला १६०, सीपीयूला लोडवर ८८ पर्यंत. पंखे-डिस्क धरायच्या आधीच हिशोब संपला. वर त्याला आठ पिनची वायर नव्हती, डिस्कच्या जुन्या मोलेक्स वायरमधून जोड काढलेला. तो जोड वितळलेला मी पाहिलाय, त्यामुळे त्यावर कार्ड बसवायला नकार दिला. ५५० वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगचा सप्लाय घातला. विजेच्या बिलाची भीती काकांना होती. ५०६० चे १४५ वॅट, याचे १६०: रोज चार तास धरले तरी महिन्याला दोन युनिटांच्या आतला फरक. बी५८० चे १९०, आणि बायोसमध्ये एएसपीएम (स्लॉटची वीज वाचवणारं सेटिंग) लावलं नाही तर ते निवांत असतानाही उगाच वीज खातं.

बिल झालं ते ९०६० एक्सटी १६ जीबी, रॅमची स्टिक आणि पॉवर सप्लायचं. मॉनिटर १४४ चा असल्याने फ्रेमची मर्यादा १४१ वर बांधली, फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारं सेटिंग) चालू केलं. सीपीयू पुढच्या वर्षी बदलायचा असेल तर रायझन ७ ५७००एक्स, याच बोर्डावर, याच कूलरवर चालेल, हे बिलाच्या मागे लिहून दिलं. कार्डाचा सिरियल नंबर बिलावर आहे का ते काकांकडूनच तपासून घेतलं. तो नसला तर वॉरंटीला सर्व्हिस सेंटरवाले उभं करत नाहीत. एसटीचा प्रवास लांबचा, म्हणून कार्ड परत काढून त्याच्या खोक्यात घातलं आणि घरी कसं बसवायचं, स्लॉटची कडी कधी 'टक' करते, हे मुलाकडून दोनदा करून घेतलं.