आमची वाटचाल: बिलांपासून बेदाण्यापर्यंत

सांगलीत आम्ही सुरुवात केली ती शीतगृहांना बिलिंग सॉफ्टवेअर करून देत. गिऱ्हाइकं बहुतेक तासगावकडची, बेदाण्यातली. हिशोब जुळला की चहावर एकच विषय निघायचा, प्रतवारीचा. हिरवा, पिवळा, काळा हे कुणीही सांगेल. पिवळसर हिरवा दाणा कुठल्या ढिगात टाकायचा, यावर सौद्यात भाव फिरतो. रंग निवडणारी मोठी यंत्रं लहान शेडला परवडत नाहीत. म्हटलं, निदान नमुना तपासणारी छोटी पेटी तरी करू.

पेटीला दाणे ओळखायला शिकवायचं ते न्यूरल नेटवर्कने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्याने. ऑफिसातली पोरं त्यात नवी होती, म्हणून पहिला धडा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने 1936 मध्ये वापरलेल्या आयरिस फुलांचा. 150 फुलं, तीन जाती, प्रत्येक फुलाची चार मापं. टेन्सरफ्लोसारखं तयार जाळं देणारं काही नाही, पायथन भाषा आणि तिच्यातली आकडेमोडीची नमपाय लायब्ररी, बाकी सगळं हाताने लिहायचं, हा माझा हट्ट. चार इनपुट, मधल्या थरात आठ न्यूरॉन (जाळ्यातल्या हिशोबाच्या गाठी), शेवटी तीन आउटपुट, एकेका जातीला एक. जोडण्यांची वजनं आणि बायस, म्हणजे प्रत्येक गाठीत मिळवायचा जादा आकडा, धरून सगळे मिळून 67 आकडे. ते आधी वाट्टेल तसे भरायचे, फुलाची मापं सोडायची, उत्तर किती चुकलं ते मोजायचं आणि ती चूक मागे मागे नेत एकेक आकडा किंचित हलवायचा. बस्स, एवढंच. लोक उगाच घाबरतात. तीन जातींपैकी सेटोसा झटकन वेगळी निघते. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका मात्र हद्दीवर एकमेकींत शिरतात. पिवळसर हिरव्याचं भांडणही तेच.

बेदाण्याला बंद पेटी, ठरावीक एलईडी उजेड, वर कॅमेरा. लांबी, रुंदी आणि रंगाचे तीन आकडे. मिलिमीटरातली मापं आणि रंगाचे 0 ते 255 मधले आकडे एका पट्टीत आणले नाहीत तर रंगच सगळ्यावर कुरघोडी करतो.

खरा वेळ गेला तो दाण्यांना नावं देण्यात. शेडवर दाणे निवडणाऱ्या मावशींना त्याची वेगळी मजुरी दिली. चिमटीत दाणा फिरवून मावशी म्हणायच्या, “ह्यो हिरवा न्हाई, ऊन लागलंय ह्याला.” दोघींचं एकमत होईना ते दाणे बाजूला. जाळ्याची परीक्षा मात्र कायम दुसऱ्या शेडच्या मालावर. एकाच शेडचे दाणे शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे वाटले की निकाल फुगतो.

आज पेटी काही शेडवर चालते. शंकेचा दाणा ती वेगळा दाखवते, निवाडा मावशींचा. काडी राहिलेले दाणे ओळखायचं काम सध्या हातात आहे. त्याला नुसती मापं पुरत नाहीत, पूर्ण फोटोच द्यावा लागतो.