ईईजी नॉर्मल, मग गोळ्या कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि रिपोर्ट हातात पडला की जवळजवळ प्रत्येक घरचं माणूस हेच विचारतं म्हणून. फिटच्या गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, मी ईईजी काढतो. पण ‘नॉर्मल’ हा शब्द माझ्या मशीनमधून आलेला, तेव्हा राग माझ्यावरच निघतो.

मशीन शॉक देत नाही. डोक्यावर २१ इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूची वीज वीस-तीस मिनिटं नोंदवतं, बस्स. फिट महिन्यातून एकदा, दोन मिनिटं येत असेल तर ती नेमकी आमच्या अर्ध्या तासात का यावी? आम्ही शोधतो ते दोन फिटांच्या मधले स्पाइक, म्हणजे रेघांत अचानक उठणारी टोकं. एपिलेप्सी (अपस्मार, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार) असलेल्यांतही पहिल्या साध्या ईईजीत ते जेमतेम निम्म्यांत सापडतात.

तेलावरून मी कटकट करतो, कबूल. खोबरेल चोपडलेल्या डोक्यावर पेस्ट धरत नाही, इम्पिडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली यायचं नाव घेत नाही आणि ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० वेळा) लाइटच्या लाइनची खरखर रेघांत घुसते. आदल्या रात्री शांपू करा, कंडिशनर नको. सकाळी नाश्ता करा, चहा-कॉफी नको. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

पण खरा घात होतो झोपेत. गोव्यातल्या वाळपईहून बांबोळीच्या हॉस्पिटलात यायचंय असा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा धरा. रात्री बाराला झोपवून पहाटे चारला उठवा, असं सांगितलेलं. आई बिचारी त्याच्याबरोबर जागते. मग दोघं बसमध्ये बसतात, खिडकीतून वारा येतो आणि पोरगा वाटेतल्या होंडा गावाच्या आधीच घोरायला लागतो. आईला वाटतं, झोपू दे थोडा. तीच झोप मला हवी होती! टेबलावर तो टक्क जागा. डोळे मिटले की मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झचा अल्फा, म्हणजे जागेपणीच्या निवांत लाटा, येतो, तो विरायला हवा, डोळे हळू फिरायला हवेत, मग झोपेचे स्पिंडल, म्हणजे झोप लागल्याची खूण असलेले छोट्या जलद लाटांचे झुबके, दिसायला हवेत. स्पाइक पुष्कळदा या उतरणीवर आणि हलक्या झोपेत सापडतात. इथे उतरणच नाही. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, दिवा लुकलुकवतो, तरी काही नाही. रिपोर्ट जातो: ‘नॉर्मल. झोपेची नोंद मिळाली नाही.’ घरचे पहिला शब्द वाचतात, दुसरं वाक्य कोणीच वाचत नाही.

पूर्वी मला वाटायचं, निम्म्यांचा आकडा सांगूच नये. लोक म्हणतील, मग टेस्ट करता कशाला? आता सांगतो, आणि लोक तेच म्हणतात. उत्तर आहे माझ्याकडे: सापडलं तर फिटचा प्रकार कळतो. सेकंदाला ३ या वेगाची स्पाइक-वेव्ह (स्पाइक आणि मागोमाग संथ लाट) दिसली तर अ‍ॅब्सन्स फिट, म्हणजे काही सेकंद भान हरपून टक लावणं; तिथे कार्बामाझेपीन हे फिटचंच औषध दिलं तर फिट उलट वाढू शकतात. पण ज्याच्या हातात ‘नॉर्मल’ आलंय, त्याला या उत्तराचा काय उपयोग?

त्याला एवढंच सांगतो: फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि दुसरं कोणी असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला लावा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. डॉक्टरांना आधी तो दाखवा, माझा कागद नंतर.

‘म्हणजे तुमच्या मशीनपेक्षा मोबाईल बरा?’

कधी कधी, हो.