पत्ता न सांगितलेले फूल

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर डेल्स नावाचा चुनखडीच्या टेकड्यांचा आणि दगडी गडग्यांचा मुलूख आहे. तिथल्या एका उतारावर लेडीज स्लिपर, म्हणजे बाईची सपाता, या आमरीचे (ऑर्किडचे) एक रोप आहे. १९३० साली ते काही मोजक्या माणसांच्या दृष्टीस पडले आणि तेव्हापासून आजतागायत ते नेमके कुठे आहे याबाबत जाणकारांनी ताकाला तूर लागू दिलेली नाही. एरवी शेजारच्या घरी पाहुणा आला तरी ती बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते. मग एका रोपाचा ठावठिकाणा माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या पोटात कसा ठेवतात, याचे मला फुलाइतकेच अप्रूप वाटत आले आहे.

गंमत अशी की याच फुलाचा पत्ता एके काळी चक्क छापून प्रसिद्ध झाला होता. १६२९ साली जॉन पार्किन्सन या लंडनच्या औषधविक्रेत्याने बागेतल्या फुलांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. हे फूल इंगलबरो डोंगराजवळच्या हेल्क्स नावाच्या रानात मिळते, असे त्याने त्यात लिहून ठेवले, आणि त्या भागात राहणाऱ्या थॉमसिन टनस्टॉल या सुशील बाईंनी आपल्याला त्याची मुळे वेळोवेळी लंडनला धाडली व ती आपल्या बागेत फुलली, असेही आनंदाने नोंदवले. बाईंचा हेतू निर्मळ होता आणि पार्किन्सनचा आनंदही खरा होता. पण त्या पाठवणीत पुढच्या पावणेतीनशे वर्षांची कहाणी आधीच सामावलेली होती. फूल देखणे असल्याने ज्याने त्याने ते खणले. कोणी बागेसाठी, कोणी बाजारात विकायला, तर कोणी वाळवून संग्रहाच्या कागदावर चिकटवायला. विसावे शतक उजाडून दोन दशके होतात न होतात तोच हे फूल इंग्लंडातून नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. ते नावडते असते तर कदाचित आजही रानोमाळ दिसले असते.

त्याचे रूप मात्र तसेच आहे. गुडघ्याच्या आतबाहेर उंचीचा दांडा, त्यावर ठळक शिरांची रुंद पाने आणि टोकाला एखादेच, क्वचित दोन फुले. भोवतीच्या पाकळ्या तपकिरी-लालसर, लांबट आणि पीळ घातलेल्या, आणि मधोमध पिवळ्याधमक रंगाची, आतून फुगलेली, अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी अशी वाटोळी पिशवी. सपाता म्हणतात ती हीच. त्यात मकरंदाचा थेंबही नसतो. रंगाला आणि वासाला भुलून एखादी लहानशी रानटी मधमाशी पिशवीच्या तोंडावर उतरते, गुळगुळीत काठावरून तिचा पाय सटकतो आणि ती आत पडते. काठ आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळे आल्या वाटेने परतता येत नाही. पिशवीच्या मागच्या भिंतीला काही जागा इतक्या पातळ आहेत की त्यांतून उजेड झिरपतो. त्या उजेडाच्या रोखाने, तळाशी असलेल्या केसांचा आधार घेत माशी वर चढू लागते. पंढरपूरच्या दर्शनबारीत एकदा शिरलेल्या माणसाला जसे मागे फिरता येत नाही, तसेच तिचे होते. वाटेत आधी कुक्षी लागते, तिथे आधीच्या फुलावरून आणलेला पराग पुसला जातो; मग मागच्या दोन अरुंद फटींपैकी एकीतून अंग चोरून बाहेर पडताना तिथला पुंकेसर तिच्या पाठीला चिकट परागाचा गंध लावून सोडतो. प्रसाद मात्र कुठेच मिळत नाही.

ही वाट उलगडताना प्रत्यक्ष चार्ल्स डार्विनही आधी चुकला होता. १८६२ च्या आपल्या आमरींवरील पुस्तकात त्याने असा अंदाज केला होता की कीटक बाहेर बसूनच फटीतून सोंड आत घालत असावा. कीटक आत शिरत असला पाहिजे, हे त्याला अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी सुचवले. मग डार्विनने पिशवीत माश्या सोडून पाहिल्या, पण त्या एक तर फार मोठ्या निघाल्या किंवा फार मठ्ठ, असा शेरा त्याने मारला आहे. शेवटी त्याने एक इवलीशी रानटी मधमाशी पकडून आत टाकली. ती पुन्हा पुन्हा वर चढली, घसरली आणि अखेर मागच्या फटीतून परागाने माखून बाहेर आली. डार्विनने तिला पुन्हा आत टाकले, आणि तेही अनेकदा. विज्ञानाच्या इतिहासात त्या माशीच्या सहनशीलतेची नोंद कोणी वेगळी केलेली नाही. ती व्हायला हवी होती, असे माझे मत आहे.

फसवून मिळवलेल्या परागीभवनाची एक अडचण अशी की फसणारे शहाणे होतात आणि पुन्हा येत नाहीत. त्यामुळे बहुतेक फुले फळ न धरताच वाळून जातात. ज्या थोड्या फळांत बी धरते, ते धुळीइतके बारीक असते आणि त्यात अंकुराला पोसण्यापुरताही साठा नसतो. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजते, मग काही वर्षे जमिनीखालीच काढते, आणि पहिले फूल यायला आणखी काही वर्षे जातात. एकच रोप उरल्यावर तर परागाची देवाणघेवाण करायला दुसरे रोपही जवळ नसते.

म्हणून १९७० साली या एका फुलासाठी एक समिती नेमली गेली. फुलण्याच्या दिवसांत त्या उतारावर राखणदार मुक्काम ठोकून असत, गोगलगायी आणि ससे यांच्यापासून रोपाचे रक्षण होई, आणि परागीभवन माणसाच्या हाताने केले जाई. १९८३ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात प्रयोगशाळेत बी रुजवण्याचा खटाटोप सुरू झाला. पक्व बी काही केल्या दाद देईना. फळ हिरवे असतानाच काढलेले कोवळे बी मात्र निर्जंतुक पोषकद्रव्यावर उगवले. १९८९ पासून ही रोपे रानात लावायला घेतली आणि त्यांतल्या एकाला २००० साली पहिले फूल आले. अकरा वर्षे थांबायची तयारी असलेल्या माणसांपुढे मला नेहमी थोडे ओशाळल्यासारखे होते. माझ्या खिडकीतल्या कोथिंबिरीने आठवडाभरात डोके वर काढले नाही तर मी माती उकरून पाहतो.

लीड्समध्ये राहायला आल्यावर मी लँकेशरमधल्या गेट बॅरोज या राखीव रानात ही आमरी पाहिली. सिल्व्हरडेलच्या रेल्वे स्थानकावरून पायी जाता येते. पावसाने झिजून खोल भेगा पडलेली चुनखडीची पसरट फरशी, तिच्या कडेला हेझलची झुडपे, आणि त्यांच्या आडोशाला लावलेली ही रोपे. ही जागा मुद्दाम सर्वांना खुली ठेवली आहे, आणि त्यामागचा हिशेब मला पटतो. लोकांना फूल पाहायला मिळाले म्हणजे मूळच्या रोपाच्या मागे लागण्याची त्यांची खुमखुमी कमी होते. तरीही खबरदारी घ्यावीच लागते. २०१० साली याच परिसरातील गोल्फच्या मैदानावरच्या एका जुन्या रोपावर नजर ठेवायला पोलिसांची गस्त लावण्यात आली होती. एका फुलासाठी रात्रपाळी करणाऱ्या हवालदाराने घरी काय सांगितले असेल, हा विचार मला त्या जागी उभा असताना फार वेळ सोडत नव्हता.

२०२५ मध्ये यॉर्कशरमध्ये एक रोपटे आढळले, जे कोणी लावलेले नव्हते. लावलेल्या रोपांपैकी कोणाचे तरी बी आपसूक पडून, बुरशी गाठून, मातीखालची वर्षे काढून उगवले होते. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर स्वतःहून उगवलेले ते पहिलेच म्हणून त्याची बातमी झाली. बातमीत रोप कोणाचे, कोणत्या संस्थांनी किती वर्षे राबून ते शक्य केले, याची सारी माहिती होती, फक्त ठिकाण नव्हते. कोणाला हे फूल पाहायचेच असेल त्याने मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी गेट बॅरोजला जावे आणि पायवाट सोडू नये, कारण फुलाचे छायाचित्र घेण्याच्या नादात टेकवलेल्या गुडघ्याखाली गवतातले कोवळे रोप सहज चिरडते.