मेजर जनरल खंडुरी : रस्ते जमले, आमदार नाही जमले

निवडणुका जवळ आल्या की कुणीतरी रिटायर्ड जनरल किंवा कर्नल पक्षात येतो, गळ्यात उपरणं, बाजूला अध्यक्ष, हसरा फोटो. त्यानंतर त्या माणसाचं पुढे काय होतं हे फारसं कुणी बघत नाही. म्हणून आज भुवनचंद्र खंडुरींबद्दल लिहितोय. आपल्याकडे हे नाव फार लोकांना माहीत नाही, पण पुणे-सातारा-कोल्हापूर रस्त्यावरनं जाणाऱ्या प्रत्येकाचा त्यांच्याशी थोडा तरी संबंध आलेला आहे.

खंडुरी गढवालचे, म्हणजे आताच्या उत्तराखंडातल्या पहाडी भागातले, जन्म देहरादूनचा, 1934 चा. आर्मीत इंजिनिअर्समध्ये गेले, शिक्षणातला एक टप्पा आपल्या पुण्यात दापोडीच्या सीएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात झाला. मेजर जनरल होऊन 1990 च्या सुमारास निवृत्त झाले आणि लगेच 1991 ला भाजपकडून गढवालचे खासदार. तो राममंदिर आंदोलनाचा काळ, पहाडात भाजप वाढत होता, आणि तिकडे गढवालमध्ये घरटी एखादा माणूस फौजेत असतो म्हटलं तरी चालेल, त्यामुळे जनरलसाहेब उभे राहिले म्हणजे मतं मागायला वेगळं काही सांगावं लागत नव्हतं. तरी 1996 ला हरले, 98 ला परत आले.

खरं काम सुरू झालं नोव्हेंबर 2000 मध्ये. वाजपेयींनी त्यांना रस्ते वाहतूक आणि महामार्ग खातं दिलं, आधी स्वतंत्र प्रभार असलेलं राज्यमंत्रीपद, मग 2003 ला कॅबिनेट. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्प आधीच जाहीर झालेला होता, दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा 5,846 किलोमीटरचा चौपदरी रस्ता. पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे एक रुपया सेस (उपकर) लावून पैशाची सोय केलेली, म्हणजे दरवर्षी बजेटकडे तोंड करून बसायची गरज नव्हती, हे माझ्या मते त्या प्रकल्पातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. पण पैसा असून रस्ता होत नाही हे आपण रोज बघतो. जमीन ताब्यात नाही, मध्ये देऊळ आहे, विजेचे खांब कुणी हलवायचे यावर दोन खात्यांची पत्रापत्री, कंत्राटदार अर्धं काम टाकून पसार. इथे इंजिनिअर माणूस मंत्री असणं उपयोगी पडलं. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला तारीख लावायची आणि त्या तारखेला काम कुठवर आलं ते विचारायचं, ही फौजेतल्या इंजिनिअरची रोजचीच पद्धत, आणि त्या खात्याला तेच हवं होतं.

आपल्या बाजूचा मुंबई-चेन्नई टप्पा पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा जातो (मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याने केला, गडकरींच्या काळात, ते श्रेय त्यांचंच). ज्यांनी जुना दोन पदरी एनएच फोर बघितलाय त्यांना फरक सांगायला नको, ट्रकच्या मागे ट्रक आणि ओव्हरटेक करताना जीव मुठीत. अर्थात सगळं नीट झालं असंही नाही, खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याच्या बाजूला ते एस वळण आहे ना, तिथे किती गाड्या उलटल्या त्याची गणती नाही. आणि 2003 अखेरपर्यंत चतुष्कोन पूर्ण करायचं म्हटलं होतं ते काही झालं नाही, पूर्ण व्हायला 2012 उजाडलं.

सत्येंद्र दुबेंना विसरून हा विषय पुढे नेता येत नाही. आयआयटी कानपूरचा हा तरुण इंजिनिअर, याच प्रकल्पावर काम करत होता. कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, आणि ते नाव गुप्त राहिलं नाही. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्याचा खून झाला. सीबीआयने तो लुटीचा गुन्हा ठरवला, शिक्षाही झाल्या, पण पत्र लिहिणाऱ्याचं नाव फुटतं ही गोष्ट तशीच उरते. खंडुरींच्या प्रामाणिकपणावर कुणी बोट ठेवलं नाही, तरी वरचा माणूस स्वच्छ असला म्हणून खाली सगळं स्वच्छ होत नाही हे त्यांच्याच खात्यात दिसलं.

2007 ला उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा ते आमदार नव्हते, मग धुमाकोटची सीट त्यांच्यासाठी रिकामी कुणी केली, तर काँग्रेसचे आमदार टी.पी.एस. रावत यांनी, आणि हे रावत स्वतः निवृत्त लेफ्टनंट जनरल! म्हणजे हुद्द्याने वरचा माणूस बाजूला झाला आणि पुढे भाजपचा खासदार झाला. असं फक्त त्या राज्यातच होऊ शकतं.

पण मुख्यमंत्रीपद म्हणजे रस्त्याचं कंत्राट नव्हे. आमदारांची तक्रार एकच, साहेब भेटत नाहीत, भेटले तर काम करत नाहीत, आणि अधिकाऱ्यांचंच ऐकतात. बदल्यांची चिठ्ठी चालेना म्हटल्यावर आमदार करणार काय! त्यात राज्य भाजपमध्ये दुसरा गट भगतसिंह कोश्यारींचा, हो तेच, आपले माजी राज्यपाल. 2009 च्या लोकसभेत पाचच्या पाच जागा गेल्या आणि खंडुरींना राजीनामा द्यावा लागला. माझं प्रामाणिक मत सांगतो, यात त्यांचीही चूक होती. आमदाराला चार लोकांसमोर मान द्यावा लागतो, त्याचं ऐकून घ्यावं लागतं, नियमात बसत नसलं तर नाही म्हणावं पण बसवून, चहा पाजून. फौजेत हुकूम दिला की माणूस उठतो, पक्षात तो उठतो आणि थेट दिल्लीला जातो.

गंमत म्हणजे 2011 च्या सप्टेंबरात त्याच पक्षाने त्यांना परत आणलं, कारण भ्रष्टाचाराच्या आरोपांनी सरकार बदनाम झालं होतं आणि देशभर अण्णांचं आंदोलन पेटलेलं. त्यांनी दोन महिन्यांत लोकायुक्त विधेयक, म्हणजे भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या यंत्रणेचं विधेयक, पास करून घेतलं, मुख्यमंत्र्यालाही कक्षेत घेणारं, त्याचं कौतुक अगदी राळेगणसिद्धीपर्यंत झालं. ‘खंडुरी है जरूरी’ अशी घोषणा करून 2012 ची निवडणूक लढवली. निकाल काय, काँग्रेस 32, भाजप 31, आणि खंडुरी स्वतः कोटद्वारमध्ये पाच हजारांहून कमी मतांनी हरले. ती एक सीट आली असती तर आकडे उलटे झाले असते. राजकारणात इतकं जवळून हुकलेलं मी क्वचित बघितलंय. तो लोकायुक्त कायदाही पुढच्या सरकारने बदलून टाकला.

2014 ला पुन्हा खासदार झाले, आणि संरक्षण विषयक संसदीय स्थायी समितीचे अध्यक्ष. मार्च 2018 मध्ये या समितीचा अहवाल आला. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीला सांगितलेलं त्यात छापलंय, की आपली 68 टक्के सामग्री जुनाट, 24 टक्के चालू काळातली आणि फक्त 8 टक्के अत्याधुनिक. प्रत्येकी एक तृतीयांश असावी अशी अपेक्षा असते. आधुनिकीकरणाला मिळाले 21,338 कोटी, आणि आधीच्या 125 योजनांचे द्यायचे पैसेच 29,033 कोटी. म्हणजे नवीन घेणं दूर, जुनी देणी फिटायचे वांधे.

सप्टेंबर 2018 मध्ये समितीची फेररचना झाली आणि खंडुरींच्या जागी कलराज मिश्र आले. पक्षाने याचा अहवालाशी संबंध जोडला नाही, राहुल गांधींनी मात्र 2019 ला देहरादूनच्या सभेत जोडला, आणि त्याच सभेत खंडुरींचा मुलगा मनीष काँग्रेसमध्ये गेला. पौडी गढवालच्या लोकसभा जागेवर हरला, 2024 ला भाजपमध्ये आला. मुलगी ऋतू भाजपमध्येच राहिली, 2022 ला कोटद्वारमधून निवडून आली, वडिलांना हरवणाऱ्या सुरेंद्रसिंह नेगींनाच हरवून, आणि विधानसभेची पहिली महिला अध्यक्ष झाली.

मला त्यातल्या घराण्याच्या गोष्टीपेक्षा तो अहवाल जास्त लागतो. फौजेच्या नावावर मतं मागणाऱ्या पक्षात फौजेतली आयुष्यभराची नोकरी केलेला माणूस बसलेला होता, त्याने विरोधकांसारखी आरडाओरड केली नाही, टीव्हीवर गेला नाही, संसदेच्या रीतीने कागदावर आकडे मांडले. त्या अध्यक्षाला पुढची दोन-तीन वर्षं तिथेच ठेवून दरवर्षी तोच हिशेब मागू द्यायला हवा होता, मग सरकार कुणाचंही असो.