जिप्सीच्या काचेवरचा चिखल

जुन्या मारुती जिप्सीखाली रुंद ॲक्सल (डावं-उजवं चाक जोडणारे आडवे दांडे) घातले असतील तर ते लांबूनच कळतं. बॉडी आत आणि चाकं बाहेर. १९८५ मध्ये आलेल्या पहिल्या जिप्सीच्या, एमजी ४१० च्या, पुढच्या दोन चाकांतलं अंतर होतं १२१० मिलिमीटर. १९९३ मध्ये मारुतीनं ते १३०० केलं आणि बाहेर आलेली चाकं झाकायला फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, फ्लेअरही (बाहेर काढलेल्या कडा) दिले. म्हणजे एका बाजूला ४५ मिलिमीटरची वाढ. भंगारातून रुंद ॲक्सल आणणारे बरेच जण एवढंच करून थांबतात, फ्लेअर राहून जातात. त्यात टायरही जाड घातला की चाक आणखी बाहेर येतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं डेंटिंगचं काम आहे. मे महिन्यात गगनबावड्याकडचे एक शेतकरी अशीच गाडी घेऊन आले. माणूस मुद्द्याचं बोलणारा.

"मिस्त्री, म्होरं एक गाडी नसली तरी काचेवर चिखल येतोय. वायपर मारला की सगळी काच लाल. गेल्या पावसाळ्यात करूळ घाटात मुंडकं भाईर काढून गाडी चालवलीया मी."

फायबरच्या फ्लेअरचा सेट त्यांनी विचारून ठेवला होता. तेवढ्या पैशात टायरची जोडी येते, असं त्यांचं म्हणणं. मलाही त्या गाडीला फायबर पटत नव्हतं. साचा करा, थर द्या, वाळवा, घासा, यात दिवस जातात. शिवाय शेताच्या बांधाला किंवा करवंदीच्या जाळीला अडकलं की फायबर तडकतं, आणि स्क्रू घट्ट असतील तर फेंडरचा पत्राही सोबत फाटतो. रानातल्या गाडीचा फ्लेअर वाकला पाहिजे आणि परत जागेवर आला पाहिजे.

असा माल आमच्याकडे किलोवर मिळतो. साखर कारखान्याचा हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग निघतं आणि बगॅस (उसाचा चोथा) वाहून नेणारे रबरी बेल्ट बदलतात. जुना बेल्ट भंगारवाल्याकडे येतो. आत कापडाचे थर, वरखाली रबर. आठ मिलिमीटर जाडीचा, कडा न फाटलेला तुकडा मी निवडून आणला.

कापायला घेणार तेवढ्यात हाताखालच्या पोरानं विचारलं, "मालक, चिखल नक्की कुठनं उडतोय?" सगळ्यांचं उत्तर एकच असतं, चाकाच्या मागून. मीही टायरच्या माथ्यापासून मागे दाराखालच्या सिलपर्यंत पट्टी द्यायची असं धरलं होतं. पण त्याचा प्रश्न मला सोडवेना. आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता आणि मागच्या मोकळ्या जागेत लोण्यासारखा चिखल झाला होता. दारावर पांढरे पुठ्ठे चिकटवले, गाडी चिखलातून काढली आणि पोरानं बाजूनं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला.

तो बघताना आम्ही सगळे गप्प झालो. दारावरचा चिखल टायरच्या मागच्या बाजूनंच उडत होता, तो अंदाज बरोबर होता. काचेवरचा मात्र वेगळाच होता. टायरच्या माथ्यावरून चिखलाचे थेंब सुटून पुढे जात होते, बोनेटच्याही पुढे. मग हवेत त्यांचा वेग कमी होत होता आणि मागून आलेली गाडी त्यांच्यावर जाऊन आदळत होती. हिशेबही तसाच आहे. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी थांबलेला असतो आणि माथा गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो. गाडी चाळीसनं चालली असेल तर माथ्यावरचा चिखल ऐंशीनं सुटतो. म्हणून पुढे कोणी नसतानाही काच भरत होती. मी मागे लावणार होतो ती पट्टी दार वाचवणार होती. काचेसाठी माथ्याच्या पुढचा भाग झाकायला हवा होता, थेट बंपरपर्यंत. गाडीचे मालक तो व्हिडिओ पुन्हापुन्हा लावून बघत होते.

फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडून टायर किती बाहेर आहे ते मोजलं. जवळजवळ ७० मिलिमीटर. पट्टी ११० मिलिमीटर रुंद कापली : २० फेंडरच्या आत वळलेल्या काठाखाली आणि ९० बाहेर. रबर ग्राइंडरनं कापू नये, जळतं आणि धुरानं डोळे चुरचुरतात. साबणाच्या पाण्यात बुडवलेली धारदार सुरी लोण्यातून जावी तशी जाते. कापलेल्या कडेतून आतल्या कापडात पाणी मुरतं, म्हणून कडांना पंक्चरवाल्याचं सोल्युशन लावलं.

बसवण्यावर खरा वेळ गेला, आणि जायलाच हवा. पट्टी कमानीच्या काठाखाली धरायची, तिच्याखाली २० बाय ३ ची ॲल्युमिनियमची पट्टी, आणि दर चार बोटांवर ६ मिलिमीटरचा बोल्ट. बोल्टचं बसकं डोकं टायरकडे, नट वर. उलटं केलं तर गाडी दबली की बोल्टचं टोक टायर कापतं. पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक भोकाला आधी रेडऑक्साइड (गंज रोखणारा रंग), मग फट बुजवणारं सीलंट. भोक उघडं ठेवलं तर गगनबावड्याच्या पावसात एका हंगामात पत्रा पापडासारखा होतो. स्वस्तात काम करायचं म्हणजे या दोन डब्यांचे पैसे वाचवायचे, असं मी तरी कधी केलेलं नाही.

मग पट्टीला आतून खडू घासला, पुढचं एक चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवून त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे पूर्ण दाबले आणि स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवलं. टायरवर पांढरा डाग उठला तो बंपरजवळच्या खालच्या कोपऱ्यात. तिथलं रबर जागेवरच सुरीनं उतरवलं. मागची चाकं वळत नाहीत, त्यांचं काम लवकर उरकलं.

एक गोष्ट मी त्यांना सुरुवातीलाच सांगितली होती. कंपनीच्या मूळ रचनेत बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, तेव्हा ॲक्सलचं आरटीओत विचारून घ्या. फ्लेअरनं चिखल थांबतो, कागद सुधारत नाहीत.

दिवस मावळताना गाडी त्याच चिखलातून पुन्हा काढली. दारावर खाली थोडे शिंतोडे होते, काच कोरडी. त्यांनी वायपर लावून बघितला तर काचेवर नुसती धूळ पुसली गेली. माल आणि मजुरी धरून बिल फायबरच्या सेटच्या पाव भागातही नव्हतं. ते पैसे त्यांनी लगेच दिले आणि वर पोराच्या हातात वेगळी नोट ठेवली. ती त्याचीच होती, प्रश्न त्यानं विचारला होता.

रबर दाबलं की बसतं आणि नट सैल होतात, म्हणून पावसाळ्यात एकदा या, असं सांगून ठेवलं होतं. जुलैत ते आले. डावीकडची पुढची पट्टी काढून बघितली. आत लाल माती साठली होती, पण भोकांभोवती गंज नव्हता. माती धुऊन काढली, सगळीकडे सैल न होणारे, आत नायलॉनची कडी असलेले नट घातले आणि पट्टीच्या सगळ्यात खालच्या टोकाला पाणी निघायला एक भोक जास्तीचं पाडलं. आता अशी गाडी आली की ते भोक मी सुरुवातीलाच पाडतो.